न मोजलेल्या ज्योती

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तुमच्याकडेही ठीक असावं, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमच्याकडचं मला वहिनीकडून कळतंच. "जेवतात, झोपतात, ड्यूटीला जातात," एवढं सांगून ती फोन ठेवते, कारण तू शेजारीच बसलेला असतोस. दहा महिन्यांत तू एकदाही फोन हातात घेतला नाहीस. मीही "दादाला दे" असं म्हटलं नाही. हट्टीपणात आपण दोघं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे आहोत, हे आई उगाच म्हणायची नाही.

तुझ्या लेकीचे पुढचे दोन दात पडल्याचं कळलं. वहिनीने फोटो पाठवला होता. टिंगी अगदी तुझ्यावर गेली आहे, म्हणजे तोंड बंद ठेवलं की शहाणी दिसते. माझ्या खोलीतला नळ अजून गळतोय. घरमालक म्हणतो, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना, मग तुम्हीच बघा की." दिवसभर प्रयोगशाळेत ज्योती मोजणाऱ्या बाईला नळातलं काही कळत नाही, हे त्याला समजावणं मी सोडून दिलंय. खाली बादली लावली आहे.

पत्राला तसं खास कारण नाही. वहिनी बोलता बोलता म्हणाली की तेवीस तारखेला, सोमवारी सकाळी दहाला, तुमच्या बॉयलरच्या गॅसमध्ये हायड्रोजन तीस टक्क्यांवरून पन्नासवर नेणार आहेत आणि व्हॉल्व्ह हाताने उघडायला तुला उभं करणार आहेत. "यांचा हात पक्का आहे ना," असं ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. तुझा हात पक्का आहे यात वादच नाही.

मला फक्त थोडी माहिती हवी होती. गॅस आणि हवा जिथे एकत्र होतात तिथून बर्नरच्या तोंडापर्यंत नळी किती लांब आहे? मध्ये ज्योत अडवायला जाळ्या किती आहेत? ज्योत बघायच्या खिडकीची काच कधी बदलली? आणि तू मागे एका आवाजाबद्दल बोलला होतास, तो अजून येतो का? तू व्हॉल्व्हपाशी उभा राहतोस तेव्हा ही नळी तुझ्या डाव्या हाताला असते की पाठीशी, हेही जमलं तर कळव. सहज विचारते आहे. आमच्या कामात अशी माहिती लागत असते.

लहानपणी शेगडी पेटवायला मला तूच शिकवलंस. आधी काडी, मग गॅस. उलटं केलंस तर भुवया जातील, असं बजावून तू स्वतःच उलटं करून दाखवलंस आणि महिनाभर बिनभुवयांचा शाळेत गेलास. मी इतकी हसले होते की आईने मला चापट मारली. परवा ते आठवलं आणि हसू आलं नाही. मग बराच वेळ कामात लक्ष लागलं नाही.

पत्राचं उत्तर लिहायचं नसेल तर राहू दे. विचारलेलं तेवढं कळव.

तुझी,
मास्तरीणबाई


१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. "नळी अडीच मीटर. जाळी एक. काच जुनी. नळी पाठीशी. आवाज आहे तोच, आता रोज." ना वर प्रिय, ना खाली सही. इतकं मोजूनमापून तर कोणी औषधही देत नाही. तरी तुझं अक्षर पाहून बरं वाटलं, हे कबूल करते.

शेवटचं वाक्य वाचून मात्र मी कार्ड उपडं ठेवलं आणि चहा करायला उठले.

गेल्या एप्रिलमधला तो फोन तू विसरला नाहीस आणि मीही नाही. तेव्हा तुमच्याकडे माझ्या अहवालावरून हायड्रोजन नुकताच तीस टक्क्यांवर नेला होता. तू म्हणालास, "ज्योत आता पूर्वीसारखी बोलत नाही. मधूनच दबक्या आवाजात हुं करते, जसं कुणीतरी दाराआडून डोकावतं आणि परत जातं. तुझ्या त्या कागदात कुठे चुकलं नाही ना, बघ एकदा." मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, प्रयोगशाळेतले सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "दादा, ज्योत कानाने मोजत नाहीत." सगळे हसले. तुला ते हसणं ऐकू गेलं असणार, कारण तू लगेच फोन ठेवलास. ते हसणं थांबवायचं सोडून मी त्यात सामील झाले होते.

आता तू काय ऐकत होतास ते सांगते. तुला मुळापासून सांगायला हवं, कारण तू शिकला नाहीस असं नाही, तुला कोणी सांगितलं नाही.

ज्योत काही एका जागी गप्प उभी नसते. नळीतून गॅस पुढे येत असतो आणि ज्योत त्याला खात खात मागे, त्याच्या उगमाकडे निघालेली असते. दोघांचा वेग बरोबरीत सुटला की ती बर्नरच्या तोंडाशी उभी दिसते. गॅस शांत वाहत असला तर ज्योत सपाट चादरीसारखी असते. पण तुमच्या नळीत गॅस शांत नसतो, भोवरे असतात, खळबळ असते. ती चादर चुरगळते. चुरगळली की तेवढ्याच जागेत जास्त चादर मावते, जास्त गॅस जळतो आणि ज्योत जास्त वेगाने मागे पळते. नेहमीच्या गॅसचं हे गणित जुनं आहे, त्यात कोणी सहसा फसत नाही.

हायड्रोजन त्या गणितात बसत नाही. एक तर तो मुळातच भराभर जळतो. शिवाय तो इतका हलका आणि चपळ आहे की चुरगळलेल्या चादरीचा जो फुगवटा गॅसकडे तोंड करून असतो, तिथे तो बाकीच्यांच्या आधी जाऊन पोहोचतो. तिथे ज्योत आणखी तापते, फुगवटा आणखी पुढे येतो, त्यावर नवे फुगवटे फुटतात. म्हणजे खळबळ बाहेरून मिळते ती वेगळीच, वर ज्योत स्वतःची स्वतः चुरगळत जाते. हायड्रोजन थोडा वाढवला म्हणून वेगही थोडाच वाढेल, असं धरून चालता येत नाही.

आम्ही हा वेग एका काचेच्या नळीत मोजतो. खाली पातळ तारेची जाळी लावतो, तिच्यातून जाताना गॅसमध्ये खळबळ होते. वर ज्योत पेटवायची, ती थांबली की फोटो काढायचा आणि वेग काढायचा. ज्योत थांबली नाही, नळीत उतरून खाली गेली, तर जाळी जळते. मग वहीत त्या ओळीवर फुली मारायची, नवी जाळी बसवायची आणि पुन्हा सुरुवात. ज्योत उभीच राहिली नाही तर मोजणार काय, असं आमचे सर म्हणतात, त्यांचे सरही म्हणायचे आणि नव्या मुलांना मीही तेच सांगत आले. फुलीवाल्या ओळी सरासरीत धरत नाहीत. आमच्याकडे तो रिवाजच आहे.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी आमच्या मेकॅनिक काकांकडे गेले. जाळ्या तेच बनवतात. जळलेली एकही जाळी ते फेकत नाहीत, तार सोडवून पुन्हा वापरू म्हणतात आणि बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. प्रत्येकीला तारीख आणि टक्के लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते. मी डबा जमिनीवर उपडा केला आणि ढीग लावत गेले. वीस टक्क्यांच्या दोन जाळ्या होत्या. तीसच्या अकरा. पन्नासच्या मोजताना काका माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, या चौतीस आहेत. मला पाठ आहे. हाताने विणल्यात मी."

पन्नास टक्क्यांवर माझ्या आलेखात फक्त सोळा ठिपके आहेत. सोळा ज्योती थांबल्या, त्यांचा वेग मी मोजला. चौतीस पळाल्या, त्या धरल्या नाहीत. म्हणजे शर्यतीत मागे राहिले त्यांचाच वेग घ्यायचा आणि सांगायचं की ही सगळ्यांची सरासरी.

त्या आलेखावरून तुमच्या साहेबांनी नळीतल्या गॅसचा वेग ठरवला आहे.

घाबरू नकोस. काका आणि मी सगळे प्रयोग पुन्हा करतो आहोत. नळीच्या बाजूला कॅमेरा लावलाय, म्हणजे पळालेली ज्योतही मोजता येते. साहेबांनी सुरक्षेसाठी वर काही सूट ठेवली असेलच, आणि तेवढ्यात सगळं बसेलही. येत्या आठवड्यात कळेल. तोपर्यंत वहिनीला यातलं काही सांगू नकोस. टिंगीला पापा.

तुझी,
मास्तरीणबाई


२० फेब्रुवारी

दादा,

आज खुशाली विचारत नाही.

सूट पुरत नाही. पळालेल्या ज्योती धरल्या तर पन्नास टक्क्यांवरचा वेग माझ्या आलेखातल्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट येतो. आम्ही चाळीस प्रयोग केले, त्यातल्या सत्तावीस वेळा ज्योत नळीत उतरली. एकदा तर जाळी जळताना काचेची नळीच तडकली आणि काकांच्या हातावर तुकडे उडाले. त्यांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "ही बोटभर नळी आहे, मॅडम. तिकडची केवढी आहे?" मी सांगितलं. त्यानंतर ते जेवायला गेलेच नाहीत, समोरच्या स्टुलावर बसून राहिले.

तुमच्या नळीत मांडीएवढ्या जाडीचा, अडीच मीटरचा गॅस आणि हवेचा तयार दारूगोळा भरलेला असतो आणि तो तुझ्या पाठीशी असतो. ज्योत आत शिरली तर ती नळी संपायला अर्धा सेकंद पुरतो. मागे वळून बघायला त्याहून जास्त वेळ लागतो. तो हुं आवाज म्हणजे ज्योत नळीच्या तोंडातून आत येते आणि कशीबशी परत बाहेर ढकलली जाते. आज ती परत जाते. पन्नासवर ती परत जाणार नाही.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रिवाज बदलायचा तर नवी मालिका करावी लागेल, सहा आठवडे लागतील, तोवर आपण काही बोलणं बरोबर नाही." मग मी तुमच्या मोठ्या साहेबांना थेट लिहिलं. त्यांचं उत्तर काल आलं, फार सभ्य आहे. त्यांनी लिहिलंय की आमची सगळी तयारी आपल्याच अहवालावर आधारलेली आहे, आणि सोबत माझा आलेख जोडलाय. खाली माझी सही. माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं.

म्हणून काल वहिनीला फोन केला. सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. ती तुझ्याशी बोलायला आत गेली आणि परत आली तेव्हा तिचा आवाज थंड होता. ती म्हणाली, "हे म्हणतात, फोनवर ती चिडून काहीही बोलते. कागदावर लिहिते ते विचार करून लिहिते. मी तिचा कागद मानतो." आणि मग तिने ते सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. तुमच्या पाळीतले चौघंही पन्नासला तयार नव्हते. आवाज त्यांनाही ऐकू येतो. तेव्हा तू कँटीनमध्ये उभं राहून त्यांना म्हणालास, "ती रेघ माझ्या बहिणीने काढली आहे. तिच्याशी माझं पटत नाही, पण तिची रेघ चुकत नाही. मी उभा राहतो व्हॉल्व्हवर." आणि मग चौघंही तयार झाले.

दहा महिने मला वाटत होतं, तू माझा राग राग करतोस. आणि तू चारचौघांत माझी बाजू घेत होतास. दादा, मी फोन ठेवला आणि रडले. ते सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

आता फोनवरचं नको, कागदावरचं वाच. विचार करून लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की फुलीवाल्या ओळी न धरणं हा आमच्याकडचा रिवाज आहे. ते खरं आहे आणि त्याच्याआड मी लपले, हेही खरं आहे. तो डबा मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला नाही. एप्रिलमध्येच पाहिला होता. पन्नास टक्क्यांचा अहवाल तेव्हा टेबलावर सहीसाठी पडला होता. काका डबा घेऊन माझ्याकडे आले होते आणि म्हणाले होते, "इतक्या जाळ्या कधी जळल्या नव्हत्या. लिहायच्या आधी एकदा विचार करा." मी विचार केला. मला शंका आली. अहवाल चार दिवस थांबवायचा आणि फुल्या मोजायच्या, असं मी ठरवलंही होतं.

त्याच दुपारी तुझा फोन आला.

काका जे म्हणाले तेच तू म्हणालास, फक्त तू ते डबा न बघता, चारशे किलोमीटरवरून, नुसत्या कानाने सांगितलंस. आणि मला ते सहन झालं नाही. पंधरा वर्षं शिकून मला जी शंका त्या दिवशी सकाळी आली, ती नववीत शाळा सोडलेल्या माझ्या भावाला बॉयलरसमोर उभ्या उभ्या आली होती. अहवाल थांबवला असता तर सगळ्यांना कळलं असतं की ज्याला मी हसले तो बरोबर होता. आजूबाजूचे सगळे हसत असतानाच मी सही केली. म्हणजे ती सही आकड्यांवर नव्हती. तुझ्यावर राग होता म्हणून केलेली होती.

रागाचं हे दुसऱ्या कोणाला मी सांगितलेलं नाही. सोमवारनंतर सांगावं लागेल, तेव्हा नोकरी जाईल, ती जाऊ दे.

या पाकिटात दोन कागद आहेत. एक तुझ्यासाठी, हा. दुसरा फोरमनच्या हातात द्यायचा, तो टाइप केलेला आहे. त्यात लिहिलंय की पन्नास टक्क्यांचा अहवाल चुकीचा आहे, तो मी जाणूनबुजून अपुऱ्या आकड्यांवर दिला, आणि नळीतला वेग वाढवल्याशिवाय आणि आणखी जाळ्या बसवल्याशिवाय कोणी व्हॉल्व्हला हात लावू नये. खाली माझी सही आहे. साहेबांनाही हाच पाठवलाय, पण त्यांच्या टेबलावर तो सोमवारी दहाच्या आधी कोणी उघडेल याची मला खात्री नाही. तू तुझ्या पाळीतल्या चौघांना तो मोठ्याने वाचून दाखव. कँटीनमध्ये, जिथे उभा राहून बोललास तिथेच.

कुरिअरवाला हे पाकीट घेऊन उद्या दुपारी तुझ्याकडे येईल. मी रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघते आहे, सोमवारी आठला तुमच्या गेटवर असेन. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, माहीत आहे. मी गेटवर उभी राहीन आणि घड्याळ बघत राहीन. दहा वाजता तू गेटबाहेर दिसलास आणि माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीस, पुन्हा कधीच बोलला नाहीस, तरी माझी काही तक्रार नाही.

तू आत असलास तर मला कळेल की अजूनही तुझा माझ्यावर विश्वास आहे. दादा, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हा विश्वास तेवढा परत घे.

जिच्या सहीवर उभं राहू नये अशी,
तुझी धाकटी बहीण